सर, तुमच्यामुळे माशी बघायला शिकले

सर नमस्कार,

फोनवर थँक्यू म्हणलं की तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

आमची मोहोळ तालुक्यात थोडी तुती आहे आणि रेशीम अळ्यांचं एक शेड. पावसाळ्यातल्या बॅचला अळ्या पाचव्या अवस्थेत आल्या आणि अंगावर काळे डाग दिसायला लागले, मग कोष झाले तर त्यातले कितीतरी भोक पडलेले, आणि भोकाच्या कोषाचा धागा सलग निघत नाही त्यामुळं त्याला भाव नाही. शेडमध्ये माशा होत्या पण ज्याला विचारावं तो म्हणायचा घरमाशीच आहे, पावसाळ्यात असायचीच. शेवटी नणंदेनं सोलापुरातून, माशा-किडे ओळखून देणारे सर म्हणून, तुमचा नंबर आणून दिला आणि मी रात्री साडेनऊला फोटो टाकला, ओळख ना पाळख.

तो फोटो सोलापुरी चादरीवर ठेवून काढलेला. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, चादरीच्या नक्षीत माशीचे केस हरवतात, पांढरा कागद घ्या, माशी डबीत घालून जरा वेळ फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे गारठून गप बसेल, मग सावलीत तीन फोटो काढा, एक वरून, एक बाजूनं, एक पंखांचा, आणि शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. तसं केलं आणि दुसऱ्या दिवशी तुमचा जो व्हॉइस मेसेज आला तो मी अजून जपून ठेवलाय. पाठीवरचे काळे उभे पट्टे मोजा म्हणालात. चार भरले. मांसमाशीला तीन असतात आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असतात, ही तशी नाही. मग बाजूच्या फोटोत पाठीच्या टोकाला जी ढाल असते तिच्या खालचा फुगवटा दाखवलात आणि पोटावरचे ताठ राठ केस, म्हणजे ही टॅकिनिड कुळातली, दुसऱ्या किड्यांच्या अंगात पोसणाऱ्या माशांपैकी, आणि रेशीम शेडमध्ये अशी सापडली म्हणजे रेशीम अळीवर जगणारी उझी माशीच धरून चाला. पण हेही सांगितलंत की नुसत्या फोटोवरून कुळापर्यंत खात्रीनं जाता येतं, जातीसाठी बऱ्याचदा नर माशी सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. तुमच्या या एका वाक्यामुळं मला बाकी सगळ्यावर विश्वास बसला खरं तर.

मग सगळं उलगडलं. ती अळीच्या अंगावर बारीक पांढरी अंडी घालते, दोन-तीन दिवसांत किडा निघून अळीत घुसतो, तो काळा डाग म्हणजे त्याची घुसायची जागा. पोसला की कोषाला भोक पाडून बाहेर येतो आणि जमिनीच्या भेगांत लपून तपकिरी कोशित होतो, म्हणजे माशी व्हायच्या आधी कवचात गप पडून राहतो, दहा-बारा दिवसांनी परत माशी. १९८० साली ही बंगालकडून चुकून कर्नाटकात आली हेही तुमच्याकडूनच कळलं. आम्ही दारा-खिडक्यांना नायलॉनची जाळी मारली, भेगा लिंपल्या, कोशित झाडून गोळा करायला लागलो, पुढच्या बॅचला डाग अगदी थोड्या अळ्यांवर.

पण सगळ्यात मोठे आभार सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळचे. बरणीत ठेवलेल्या उझीच्या कोशितांतून चिलटासारखं काहीतरी बाहेर पडलं, एकेकातून डझनांनी, मुंगीपेक्षा बारीक. सासूबाई म्हणल्या आता ही नवी पीडा, बरणी चुलीत घाल. मी चुलीपाशीच उभी होते, तेवढ्यात तुम्हाला फोटो टाकला आणि तुमचा लगेच फोन, "थांबा, जाळू नका, पंख किती आहेत बघा." झूम करून बघितलं तर चार, आणि कंबर बारीक. माशीला पंख दोनच असतात, त्यामुळं ही माशीच नाही, ही गांधीलमाशीच्या गोतातली, उझीच्या कोशितात अंडी घालून तिला संपवणारी. नेसोलिंक्स थायमस नावाची अशीच एक शेतकऱ्यांना मुद्दाम सोडायला देतात म्हणालात. आम्ही आमचीच माणसं जाळायला निघालो होतो सर! बरणी शेडच्या कोपऱ्यात उघडी ठेवली, सासूबाई आता तिकडं झाडूसुद्धा नेऊ देत नाहीत.

तुम्ही एक रुपया घेतला नाहीत, कितीदा रात्री उशिरा उत्तर दिलंत, एकच प्रश्न चारदा विचारला तरी चारदा सांगितलंत. गावातल्या आणखी दोघी आता माझ्याकडं माशा घेऊन येतात, मी त्यांना आधी पांढरा कागद देते.

काल गोठ्यापाशी एक सापडलीये. पट्टे तीन मोजलेत, पोटावर चौकोन आहेत, पण ढालीखालचं नीट दिसत नाहीये. फ्रीजमध्ये ठेवलीये, सकाळी उजेडात फोटो पाठवते.

तुमची,
मोहोळकडची रेशीमवाली