बाबांची वही आणि गाडीचं शीट

पुणे, रविवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दिवाळीत निघताना डॅशबोर्डच्या खणातल्या तुमच्या दोन्ही वह्यांच्या पानन् पानाचे फोटो काढून आणले होते. तीन रात्री बसून सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर एका शीटमध्ये उतरवल्या. तारीख, रीडिंग, काम काय केलं, कुठे केलं, पैसे किती गेले. २०१३ पासूनच्या एकशे बेचाळीस ओळी झाल्या. पहिल्या वहीत तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे. दुसरीत ओळी खाली उतरत जातात, कुठे तारीख आहे तर रीडिंग नाही. तिथे बिलं कामी आली. आई, तू ती कपाटातल्या पिशवीत जपून ठेवली नसतीस, तर वीसेक ओळी कोऱ्याच राहिल्या असत्या.

सगळं एकाखाली एक आल्यावर जे दिसलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

नोकरीत होतात तेव्हा आपली वॅगन-आर वर्षाला चौदा-पंधरा हजार किलोमीटर धावायची. निवृत्तीनंतर ते सहा हजारांवर आलं. गेल्या दोन वर्षांत, वर्षाला जेमतेम एकोणीसशे. मंडई, बँक, दवाखाना, महिन्यातून एकदा नदीवर, प्रीतिसंगमाला. तो रीडिंगचा रकाना मी किती तरी वेळ बघत बसले होते. तुम्ही गाडी काढणं कमी केलंत हे फोनवर कधी बोलला नाहीत, पण वहीत ते महिन्यामहिन्याने लिहिलेलं होतं.

आणि तुमचा नियम मात्र तोच राहिला. दर दहा हजारांना ऑइल. शेवटचं ऑइल बदललं ७६,९०० ला, आज रीडिंग ८१,४६०. तुमच्या हिशोबाने अजून साडेपाच हजार बाकी आहेत. पण तारखेने बघितलं तर दोन वर्षं उलटून गेली. गाडीच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा बारा महिने, जे आधी होईल ते, असं दिलंय. पूर्वी दहा हजार नेहमी आधी व्हायचे, म्हणून महिने मोजायची तुम्हाला कधी गरजच पडली नाही. आता उलट आहे. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आतला ओलावा उडून जात नाही, तो ऑइलमध्येच राहतो. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल म्हणूनच तारखेवर बदलायचं.

ऑगस्टातली ती रात्रही गाडी कमी चालते म्हणूनच ओढवली. आईला धाप लागली होती, बाहेर पाऊस, आणि चावी फिरवल्यावर नुसती टकटक. शेजारच्या काकांनी त्यांची गाडी काढली म्हणून निभावलं. बॅटरी पाच वर्षांची होती आणि गाडी अकरा दिवस जागेवरून हललेली नव्हती. मंडईपर्यंतच्या फेरीत बॅटरी भरत नाही, स्टार्ट करताना गेलेलंच कसंबसं भरून निघतं. मी तेव्हा फोनवर तुमच्यावर चिडले. चूक माझी होती. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

आणखी दोन गोष्टी शीटमध्ये एकेका कामाच्या ओळी वेगळ्या काढल्यावर सापडल्या. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ७७,८५० ला बदललं आणि पाच महिन्यांनी ७८,६२० ला पुन्हा, दुसऱ्या गॅरेजात. त्यांनी वही बघायला मागितली नाही आणि तुमच्याही लक्षात राहिलं नाही. पैसे गेले ते गेले. ब्रेक ऑइलची मात्र २०१९ नंतर नोंदच नाही, आणि याची मला खरी काळजी वाटते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, गाडी उभी असली तरी. पाणी मुरलेलं ऑइल घाटात ब्रेक तापले की दगा देतं. ते बदलल्याशिवाय कृपा करून खंबाटकी उतरू नका.

टायर मी दिवाळीतच टॉर्च लावून बघितले होते. बाजूच्या रबरावर लंबगोलात चार आकडे असतात, आपल्या टायरवर ३११७. म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी अजून खोल आहे, म्हणून तुम्ही म्हणालात, ‘चांगले आहेत की.’ पण नख लावलं तर रबर दबत नाही आणि कडेला केसासारख्या भेगा आहेत. स्टेपनी तर गाडीबरोबर आलेलीच.

आता शीट कसं चालतं ते. प्रत्येक कामासमोर किती महिन्यांनी आणि किती किलोमीटरनी करायचं, ते एकदा भरून ठेवलंय. शेवटच्या तारखेवरून पुढची तारीख ते आपोआप काढतं. महिना उरला की चौकोन पिवळा होतो, तारीख टळली की लाल. विमा आणि पीयूसीच्या तारखा कागदांवरून टाकल्या आहेत. गाडीची पंधरा वर्षं २०२८ मध्ये भरतात, तेव्हा आरटीओत फेरनोंदणी करायची, तीही ओळ आहे. दादाला मस्कतमध्येही हेच दिसतं.

तुम्ही कॉम्प्युटरवर काही करायचं नाही. बाबा, तुम्ही वहीतच लिहा. वही बंद झालेली मला चालणार नाही, सगळं तिच्यावरच उभं आहे. खणात नवी वही ठेवली आहे, बॉलपेन सुतळीने बांधलंय. आई, एक तारखेला तू मीटरचा आणि वहीच्या पानाचा फोटो पाठवायचास. आणि दर रविवारी दोघांनी मिळून मलकापूरच्या पुढे हायवेवर अर्धा तास गाडी फिरवून आणा. बॅटरीला ते हवंय, आणि तुम्हालाही घराबाहेर पडायला होईल.

सध्या शीटवर तीन चौकोन लाल आहेत. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, टायर. पुढच्या शनिवारी सकाळच्या एसटीने येते, तिन्ही कामं एकाच दिवशी उरकू. मिस्त्रींशी बोलून ठेवलंय. तोवर डिकी रिकामी करायला वाकू नका बाबा, स्टेपनी मी काढीन.

तुमची लेक