खासगीला वेसण चालत्या सरकारी रुग्णालयाचीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्यसेवा सरकारने द्यावी की खासगी क्षेत्रावर सोपवावी, हा वाद आपल्याकडे बहुधा मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांची बिले डोळ्यांसमोर ठेवून घातला जातो. बीड जिल्ह्यातील ग्रामीण रुग्णालयांत औषध भांडार सांभाळून मी निवृत्त झालो असल्याने मला तो तालुक्याच्या गावावरून दिसतो. तिथला खासगी दवाखाना कसा वागतो, हे शेजारचे सरकारी रुग्णालय खरोखर चालते की सकाळी नुसतेच उघडते, यावर बऱ्याच अंशी ठरते, असे माझे मत आहे.

ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्या वेळी बहुतेक चर्चा काही डॉक्टरांच्या लोभाभोवती आणि मुकादमांच्या जाचाभोवती फिरली. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील; पण बाई त्या डॉक्टरच्या दारात पोहोचते कशी, हे फारसे कोणी विचारले नाही.

अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला पुष्कळदा लागते ते तपासणी, आठवडाभराच्या गोळ्या, योनीमार्गात ठेवायची औषधे आणि गरज असेल तर नवऱ्यालाही गोळ्या. ही सगळी औषधे स्वस्त आहेत आणि सरकारी यादीत आहेत. परंतु त्यातले एक शिल्लक असते, दुसरे संपलेले असते, मागणीपत्र जिल्ह्याला जाऊन पडलेले असते आणि मग केसपेपरच्या मागे ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी हातावर ठेवताना समोरच्या बाईकडे पाहावेसे वाटत नसे. स्त्रीरोगतज्ज्ञाचे पद रिक्त, सोनोग्राफीचे यंत्र असले तरी ते चालवायला अधिकृत डॉक्टर नाही, अशी गत असली की ती बाई रस्ता ओलांडून खासगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते, ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते, आणि दिवाळीच्या आसपास टोळी निघायची असल्याने निर्णयाला वेळही नसतो. फडात एक दिवस खाडा झाला तर दंड उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून आधी घेतलेल्या रकमेतून, वळता होतो. अशा हिशेबात पिशवी काढून टाकणे तिला स्वतःलाच सोयीचे वाटू लागते. दुसरे मत द्यायला पगारी डॉक्टर, ज्याला शस्त्रक्रिया केल्याने काही मिळणार नाही आणि न केल्याने काही बुडणार नाही, तो तिच्या वाटेत कुठेच भेटत नाही.

पुढे जिल्हा प्रशासनाने खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक केली. हे योग्यच झाले. मात्र परवानगी कागदावर तपासली जाते आणि कागदावर लक्षणे लिहिणारा डॉक्टर तोच असतो, हेही विसरता येत नाही. २०२१ मध्ये शुश्रूषागृह (खासगी रुग्णालय) नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे सक्तीचे झाले. तेही चांगलेच, पण ज्या बाईला जाण्यासारखी दुसरी जागा नाही, तिने ते दरपत्रक वाचून करायचे काय?

शासनाचा कल सध्या विमा योजनेकडे आहे. २०१२ मध्ये जीवनदायी म्हणून सुरू झालेली आणि आता महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालणारी योजना दीड लाखांवरून प्रतिकुटुंब वार्षिक ५ लाखांवर गेली. हृदयाची, मूत्रपिंडाची मोठी शस्त्रक्रिया ज्यांच्या घरात झाली, त्यांना या योजनेचे मोल विचारावे. मी ते कमी लेखणार नाही. तरी ती मुख्यतः रुग्ण दाखल झाल्यावरच कामाला येते. वर सांगितलेल्या बाईच्या आठवडाभराच्या गोळ्यांना तिचा उपयोग नाही. गोळीला पैसे नाहीत आणि शस्त्रक्रियेला आहेत, अशी व्यवस्था उभी राहिली तर आजार शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्यातच सगळ्यांचे हित तयार होते.

सरकारी रुग्णालयांची बाजू मी डोळे मिटून घेत नाही. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस एका दिवसात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. मुख्यालयी न राहणारे वैद्यकीय अधिकारी मीही पाहिले आहेत, आणि अवघडलेल्या बाळंतिणीला रात्री दोन वाजता दार उघडणारा खासगी डॉक्टरही पाहिला आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे शुल्कही गेले. पण औषधच नसेल तर मोफत काय देणार?

औषधखरेदीपुरते तरी उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. तमिळनाडूने १९९४ मध्ये स्वतंत्र महामंडळ काढून एकत्रित खरेदी, जिल्हावार गोदामे आणि प्रत्येक रुग्णालयाला औषधांच्या हिशेबाचे पासबुक अशी घडी बसवली. आपण २०१७ मध्ये खरेदी हाफकिन या राज्य सरकारच्याच औषधनिर्मिती महामंडळाकडे दिली, २०२३ मध्ये कायदा करून नवे प्राधिकरण नेमले. प्रत्येक बदलात भांडारपालाला मागच्या मागण्यांचे काय झाले हे विचारत बसावे लागते.

म्हणून खासगीकरणाच्या बाजूने वा विरोधात बोलणाऱ्या आमदारांनी येत्या अधिवेशनात एवढीच माहिती मागावी: प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात गेल्या वर्षभरात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ किती दिवस हजर होते आणि अत्यावश्यक यादीतील कोणते औषध किती दिवस शून्यावर होते. साठ्याची माहिती ई-औषधी प्रणालीत नोंदवली जाते, हजेरी मस्टरवर असते. ती तालुकावार जाहीर करायला नव्या कायद्याची गरज नाही.

आपला,
एक निवृत्त औषधनिर्माण अधिकारी, जि. बीड