गृहपाठाचे उत्तर नको, चुकलेली ओळ दाखवा

महोदय,

ऑनलाइन शिकवणीत हल्ली संध्याकाळी पुस्तकातल्या प्रश्नाचा फोटो येतो आणि खाली एकच ओळ असते : ‘सर, पूर्ण सोडवून पाठवा, उद्या वही द्यायचीय.’ शिकवणारे पाठवूनही देतात. फी भरली आहे, मूल खूश, पालक खूश. आम्ही गणित शिकवणारे आहोत आणि हे चूक आहे असे आम्हाला स्पष्ट सांगायचे आहे.

दहावीचेच एक गणित घ्या. मोटरबोटीचा स्थिर पाण्यातला वेग ताशी १८ किमी. प्रवाहाविरुद्ध २४ किमी जायला, तेच अंतर परत येण्यापेक्षा १ तास जास्त लागतो. तर प्रवाहाचा वेग किती? उत्तर ताशी ६ किमी. पण काही मुलांचे ५४ येते. जाण्याच्या वेळेतून येण्याची वेळ वजा करायची, ती मुले उलट करतात. पुढचे अवयव बिनचूक पाडतात, ५४ आणि उणे ६ अशा दोन किमती मिळतात, आणि वेग ऋण नसतो म्हणून नेमका ६ च खोडतात! अशा मुलाला आयते उत्तर दिले की ते ५४ वर काट मारून ६ लिहिते. उलटी वजाबाकी डोक्यात तशीच राहते. त्याऐवजी एवढेच विचारावे : ताशी ५४ किमीच्या प्रवाहात १८ ची बोट वर चढेल कशी? मांडवी नदीची ओढ पाहिलेले मूल क्षणभर थांबते आणि स्वतःच मागे जाऊन ती ओळ शोधते.

पुष्कळदा तर अडचण गणिताची नसतेच. चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकून पाचवीत इंग्रजीत गेलेल्या मुलाला ‘अपस्ट्रीम’ (प्रवाहाविरुद्ध) या शब्दापाशीच अडायला होते. तो प्रश्न मराठीत समजावून सांगणे, होडीचे चित्र काढून बाण कुठल्या बाजूला ते दाखवणे, ही मदत हवी तेवढी करावी. त्यात काहीही गैर नाही.

पूर्ण सोडवलेले उदाहरण मुलाला दाखवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. नव्या प्रकरणात ते लागतेच. फक्त ते गृहपाठातले नको. आकडे बदला : वेग २०, अंतर ४८, फरक तोच १ तासाचा. प्रवाह ४ येतो. हे प्रत्येक पायरी बोलत सोडवून दाखवा आणि मग १८ चे गणित मुलाला करू द्या. त्याआधी त्याच्या वहीच्या पानाचा फोटो मागा, खाडाखोड असली तरी. पान कोरे असेल तर निदान ‘काय दिले आहे, काय काढायचे आहे’ या दोन ओळी त्याच्याकडून लिहून घ्या. याला १५-२० मिनिटे जातात हे खरे. पण एका तासात आठ गणिते ‘संपवणाऱ्या’ शिकवणीपेक्षा तीन गणितांची शिकवणी चांगली, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

वर्गातल्या शिक्षकांवर होणारा अन्याय तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. चाळीस वह्यांत उत्तर बरोबर दिसले की प्रकरण समजले असे धरून ते पुढे सरकतात. वजाबाकी उलटी करणारी दहा मुले त्यांना वहीत दिसली असती, तर दुसऱ्या दिवशी तास तिथूनच सुरू झाला असता. शिकवणीवाल्याने लिहिलेले उत्तर मुलाच्या नावावर जाते तेव्हा फसवणूक त्या शिक्षकांची होते. वहीला अंतर्गत गुण असतील तर स्वतः चुकतमाकत सोडवणाऱ्या मुलाचीही होते.

वही शाळेत दिल्यावर पूर्ण उत्तर खुशाल पाठवावे. शिकवणी नीट चालली आहे का, हे पालकांना घरीच बघता येईल : दोन दिवसांनी तेच गणित कोऱ्या कागदावर, फोन बाजूला ठेवून, मुलाला पुन्हा करायला सांगावे.

– ऑनलाइन शिकवणी घेणारे काही गणित शिक्षक, फोंडा