बाकावरच्या पोरांबद्दल

कोथरूड, पुणे

प्रिय बंड्या,

फोनवर तुझं सगळं ऐकून घेतलं, पण तिकडे कोल्हापूरला तुझ्या तालमीतली, म्हणजे फुटबॉल संघातली, इतकी माणसं एकदम बोलत होती की मला धड काही सांगताच आलं नाही. म्हणून हे पत्र. एकाच आठवड्यात तुझे दोन्ही स्टॉपर, म्हणजे मागच्या फळीतले मधले बचावपटू, दुखापतीनं गेले, एकाचा गुडघा आणि दुसऱ्याची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू), आणि लीगचे निम्मे सामने अजून बाकी. झोप उडणारच. मंडळातली ज्येष्ठ मंडळी म्हणतात, बाहेरून एक तगडा स्टॉपर आणा. तू म्हणतोस, मधल्या फळीतला तुझा सगळ्यात भरवशाचा हाफ मागे घेतो. भावा, मला दोन्ही पटत नाही. बाकावर जी दोन पोरं बसलेली आहेत, जी लहानपणापासून स्टॉपरच खेळत आलीत, त्यांनाच उतरव. कच्ची आहेत, माहीत आहे. तरी त्यांनाच उतरव.

इंग्लंडच्या लिव्हरपूलचा २०२०-२१ चा सीझन आठवतो ना? आदल्या वर्षी ९९ गुण घेऊन चॅम्पियन झालेला संघ. त्या उन्हाळ्यात त्यांनी देयान लोव्हरेन या सेंटर बॅकला, म्हणजे आपल्या भाषेत स्टॉपरला, रशियाच्या झेनित क्लबला विकलं आणि त्याच्या जागी कुणालाच घेतलं नाही. म्हणजे मुरलेले सेंटर बॅक उरले तीन: व्हॅन डाइक, गोमेझ आणि मातिप. त्यातल्या गोमेझ आणि मातिपची तब्येत कशी नाजूक, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अडचण आलीच तर मधल्या फळीतला फाबिन्यो आहे, असा हिशोब होता. कागदावर हा हिशोब वाईट नव्हता. मग १७ ऑक्टोबरला एव्हर्टनच्या गुडिसन पार्कवर त्यांचा गोली पिकफर्ड व्हॅन डाइकच्या गुडघ्यावर आदळला आणि लिगामेंट फाटलं. नोव्हेंबरात इंग्लंडच्या सरावात गोमेझचा गुडघा गेला. जानेवारीच्या शेवटी मातिपचा घोटा. तिघंही उरलेल्या सीझनला मुकले.

आता यापुढे लिव्हरपूलच्या प्रशिक्षकानं, क्लॉपनं, काय केलं ते नीट बघ, कारण तू नेमकं तेच करायला निघाला आहेस. त्यानं फाबिन्योला मागे घेतलं, मग मधल्याच फळीतल्या हेंडरसनलाही मागे घेतलं. दोघंही खेळाडू म्हणून इतके मोठे की मागेही बरे खेळले. पण बचावात पडलेलं भोक बुजवताना त्याहून मोठं भोक मधल्या फळीत पडलं. समोरच्याचा हल्ला जिथे सुरू होतो तिथेच मोडून टाकणारा माणूस तिथे राहिला नाही, आणि दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, ज्याच्या जिवावर बिनधास्त वर जायचे तोही राहिला नाही. जानेवारीत बर्नलीनं लिव्हरपूलची घरच्या मैदानावरची, म्हणजे अ‍ॅनफिल्डवरची ६८ लीग सामन्यांची अपराजित मालिका मोडली, आणि मार्चपर्यंत घरच्या मैदानावर ओळीनं सहा लीग सामने हरले. मधल्या मध्ये हेंडरसन सेंटर बॅकला खेळतानाच जांघेच्या दुखापतीनं बाहेर गेला, तो सीझन संपेपर्यंत परत उभाच राहिला नाही. बचाव दुखावला होता दुखावला, वर मधली फळीही गेली.

तहान लागल्यावर विहीर खणावी तशी १ फेब्रुवारीला, खेळाडू खरेदीची खिडकी बंद होता होता, त्यांनी दोन सेंटर बॅक आणले. शाल्केहून ओझान कबाक उसना आला आणि प्रेस्टनहून बेन डेव्हिस. डेव्हिस लिव्हरपूलकडून एकही स्पर्धात्मक सामना खेळला नाही. कबाक काही आठवडे उपयोगी पडला, हे मी नाकारत नाही, पण एप्रिलनंतर तोही दुखापतीनं बसला. तुझ्या मंडळातल्या ज्येष्ठांना एवढं जरूर सांग. बाहेरून आलेला माणूस कितीही तगडा असला तरी आपला गोली क्रॉसला पुढे येतो की लाइनवर थांबतो, हे समजायलाच त्याचे दोन-तीन सामने जातात. तुझ्याकडे दोन-तीन सामने घालवायला आहेत का?

मार्चमध्ये क्लॉपनं फाबिन्योला परत त्याच्या जागी, मधल्या फळीत, उभं केलं. मागे आधी कबाक आणि नॅट फिलिप्स, आणि शेवटच्या पाच सामन्यांत फिलिप्स आणि रीस विल्यम्स. विल्यम्स म्हणजे आदल्या सीझनला किडरमिन्स्टरकडून इंग्लंडच्या सहाव्या पातळीवर खेळणारा पोरगा. शेवटच्या दहा लीग सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी. ते शेवटचे पाच तर सगळेच जिंकले. वेस्ट ब्रॉमविरुद्ध ९५व्या मिनिटाला गोलकीपर अ‍ॅलिसननं हेडर मारला, तो यातलाच. त्यानंतर तीनच दिवसांनी बर्नलीला फिलिप्सनं स्वतः हेडरवर गोल केला. ६९ गुणांवर तिसरा नंबर आणि चॅम्पियन्स लीगचं तिकीट. फिलिप्स काही व्हॅन डाइक नव्हता. त्याला पायात बॉल घेऊन खेळ रचता येत नव्हता, त्यानं तसा प्रयत्नही केला नाही. येईल तो बॉल डोक्यानं लांब घालवायचा, बस्स. पण तो स्टॉपर होता, स्टॉपरचं काम करत होता, आणि म्हणून बाकीचे नऊ जण आपापलं काम करायला मोकळे झाले.

यावर तू मला रियल माद्रिदचं उदाहरण देणार. देच. २०२३-२४ च्या सीझनला ऑगस्टमध्ये दोन दिवसांच्या अंतरानं गोली कुर्तुआ आणि सेंटर बॅक मिलिताओ, दोघांचेही गुडघ्याचे लिगामेंट फाटले. डिसेंबरात अलाबा या सेंटर बॅकचंही तेच. आणि तेव्हा त्यांचा प्रशिक्षक अँचेलोटीनं चुआमेनीला, म्हणजे अस्सल मिडफिल्डरला, कित्येकदा सेंटर बॅकला खेळवलं. तरी ला लीगा जिंकली, चॅम्पियन्स लीगही जिंकली. मग तिथे कसं जमलं? त्यांच्या मधल्या फळीत क्रूस, मोड्रिच, वाल्वेर्दे, कामाविंगा आणि बेलिंगहॅम होते म्हणून. एक काढला तरी चार उरत होते. शिवाय मागे रुडिगर आणि नाचो हे दोन खरे बचावपटू होतेच. संघाची खोली सगळ्या नावांची बेरीज करून कळत नाही. प्रत्येक फळी वेगळी मोजावी लागते, आणि ज्या फळीतून उचलायचं तिथे मुळात जास्तीचं असावं लागतं. तुझ्या मधल्या फळीत चार मोड्रिच नाहीत, भावा.

प्रीमियर लीगमध्ये २५ जणांची यादी द्यायची असते, त्यात परदेशात घडलेले जास्तीत जास्त १७, आणि २१ वर्षांखालची पोरं यादीबाहेरून हवी तितकी. लोक ही २५ नावं मोजतात आणि म्हणतात, अहो, केवढा मोठा संघ! मी एकच बघतो. प्रत्येक जागेवर दुसरा माणूस कोण आहे, आणि तो पहिल्याच्या शेजाऱ्याबरोबर शेवटचा कधी खेळला.

हे मी इथे पुण्यात रोज पाहतो म्हणून इतक्या खात्रीनं लिहितोय. आमचा सराव एसएसपीएमएसच्या मैदानावर असतो. पूर्वी आम्हीही सगळ्यांसारखंच करायचो, पहिले अकरा एका बाजूला, उरलेले दुसऱ्या बाजूला. आता आठवड्यातून एकदा पहिल्या स्टॉपरच्या शेजारी चौथा स्टॉपर उभा करतो आणि दुसऱ्याच्या शेजारी तिसरा. आमचा मोठा स्टॉपर, डोक्यावरून बॉल गेला की दर वेळी डाव्या खांद्यावरूनच वळतो. लहानपणापासूनची सवय आहे ती, जाणार नाही. त्यामुळे क्षणभर त्याची उजवी बाजू उघडी पडते. त्याच्या नेहमीच्या जोडीदाराला हे अंगवळणी पडलंय, बॉल हवेत असतानाच तो दोन पावलं आत सरकतो. बाकावरचा पोरगा सुरुवातीला जागेवरच थांबायचा आणि नेमका तिथूनच गोल खायचा. ते मी त्याला फळ्यावर खडूनं काढून दाखवलं असतं तर त्यानं मान डोलावली असती आणि पुन्हा तसाच उभा राहिला असता. शेजारी उभं राहून खेळल्यावर काही सरावांत त्याचे पाय आपोआप आत जायला लागले. आता कुणी पडलं तर त्याला उतरवताना माझ्या पोटात गोळा येत नाही.

आणि याचा एक फायदा असा झाला, जो मला सगळ्यात मोठा वाटतो. पोरं दुखणं सांगायला लागली. तुमच्याकडे पेठेच्या इज्जतीचा प्रश्न असतो. शाहू स्टेडियम भरलेलं असतं, घरची, गल्लीतली माणसं वर बसलेली असतात, अशा वेळी मांडी धरली म्हणून कोण बाहेर येईल? पट्टी गुंडाळतात आणि उतरतात. तुझ्या पोराची हॅमस्ट्रिंग त्या दिवशी एकदम गेली असं मला वाटत नाही. आधी दोन आठवडे ती ओढत असणार आणि त्यानं कुणाला सांगितलं नसणार, कारण त्याच्यामागे कुणी नाही हे त्याला ठाऊक होतं. एकदा दुखावलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याचा धोका मोठा असतो, हे कुठलाही फिजिओ सांगेल. मागे भरवशाचा माणूस असला की मैदानावरचा माणूस खरं बोलतो, आणि त्याची तीन आठवड्यांची दुखापत तीन महिन्यांची होत नाही. यासाठी तरी दुसरी फळी तयार कर.

व्यावसायिक क्लबांनाही हे कळायला वेळ लागला. कोविडच्या काळात पाच बदलींची मुभा मिळाली, पण २०२०-२१ ला प्रीमियर लीगनं परत तीनवर उडी मारली, बाकीच्या मोठ्या लीगमध्ये पाच चालू असताना. क्लॉप तेव्हा जवळजवळ दर आठवड्याला त्यावर भांडत होता. माझ्या मते तो बरोबर होता. २०२२ मध्ये पाचचा नियम कायमचा झाला, प्रीमियर लीगही त्यात आली. पण तुमच्या-आमच्याकडे बदली आपण वापरतो तरी का? सामना हातात असतानाही ८५व्या मिनिटापर्यंत तीच अकरा पोरं. २-० ने पुढे आहेस ना, मग त्या पोराला पंचवीस मिनिटं दे. तेव्हा दिली नाहीस तर फायनलला त्याच्याकडून कशाच्या जोरावर मागणार?

काही माणसांना मात्र पर्यायच नसतो, हे मान्य. मँचेस्टर सिटीच्या मधल्या फळीतला रॉड्री २०२३-२४ च्या सीझनला क्लब आणि देश मिळून साठहून जास्त सामने खेळला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो सामन्यांच्या संख्येवरून म्हणाला की खेळाडू संपाच्या जवळ आलेत, आणि त्याच आठवड्यात आर्सेनलविरुद्ध त्याचा गुडघा गेला. ओळीनं चार वेळा लीग जिंकलेली सिटी त्यानंतरच्या महिन्यांत एकदा सगळ्या स्पर्धा मिळून तेरा सामन्यांत एकच जिंकली. त्याची जागा भरण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा खेळच बदलायला हवा होता. आणि माद्रिदलाही पुढच्या वर्षी तीच विद्या पुरली नाही. बचावपटू कार्वाहालचा गुडघा गेला, मिलिताओचा दुसरा गुडघा गेला. असेन्सिओ नावाचा अकादमीतला पोरगा ओसासुनाविरुद्ध मिलिताओच्याच जागी पहिल्यांदा उतरला, आणि त्यानं मागून दिलेल्या लांब पासवर बेलिंगहॅमनं गोल केला. पोरगा उत्तमच निघाला, पण लीग बार्सिलोनानं नेली आणि युरोपात आर्सेनलनं एकूण ५-१ नं घरी पाठवलं. दुसरी फळी तयार असली म्हणजे करंडक मिळतोच, असं मी तुला सांगणार नाही. संघ उभा राहतो, एवढं नक्की.

बालेवाडीच्या स्टेडियमवरून जाताना अजूनही मला वाईट वाटतं. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरी आली होती, त्यांची अकादमी होती, तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्याच अकादमीतून पुढे जाऊन २०१७ चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. मग तो क्लब गेला, २०१९ ला एफसी पुणे सिटीही गेली. आज इथल्या सोळा वर्षांच्या पोराला वर बघायला पुण्याचा मोठा संघच नाही. तुमच्याकडे निदान तालमी आहेत, आणि प्रत्येक तालमीच्या मागे गल्ली आहे. तुझी खरी खोली ती आहे. तिथली पोरं असताना तू बाहेर बघू नकोस.

जांघ, हॅमस्ट्रिंग, गुडघा यांच्यासाठी वॉर्म-अपला दुखापत टाळण्यासाठीचे फिफा ११+ चे व्यायाम सुरू कर, वीस मिनिटं लागतात. त्यातला हॅमस्ट्रिंगसाठीचा नॉर्डिकचा व्यायाम पोरं टाळतात कारण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात. टाळू देऊ नकोस. गुडघ्याच्या पोराचा एमआरआय मात्र आधी कर, त्यात पैशाचा विचार नको, मी थोडे पाठवतो.

आणि फोनवर तू दोन्ही स्टॉपरबद्दल इतकं बोललास, पण दुसरा गोली कोण आहे ते काही बोलला नाहीस. माद्रिदनं कुर्तुआच्या जागी चेल्सीहून केपाला उसना आणला, तो नोव्हेंबरात वॉर्म-अप करतानाच दुखावला, आणि ज्याला कुणी धरलंच नव्हतं तो लुनिन उभा राहिला. एप्रिलमध्ये सिटीच्या मैदानावर शूटआउटमध्ये त्यानंच दोन पेनल्टी अडवल्या. फायनलला बरा झालेला कुर्तुआ खेळला, तेव्हा मला त्या पोरासाठी फार वाटलं. तुझ्या दुसऱ्या गोलीला या रविवारी सरावात त्या दोन कच्च्या स्टॉपरच्या मागे उभा कर, आणि तिघं एकमेकांना हाका मारतात की नाही ते मला कळव.

वहिनींना नमस्कार, काकांना साष्टांग.

तुझाच,
नाना