सदास, भालाफेकीच्या निमित्ताने

पुलमन, वॉशिंग्टन
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

इथे सर्व कुशल आहे. माझा रक्तदाब गोळीने ताब्यात आहे आणि सुनंदाचा गुडघा जिने चढताना कुरकुरतो, एवढे प्रकृतीमान पुरे. तुझ्या शेवटच्या पत्राला उत्तर न दिल्याबद्दल तू मनात जे काही म्हणाला असशील ते मला ऐकू आले आहे, आणि खरे सांगायचे तर आजही मी लिहायला बसलो नसतो. परंतु गेल्या महिन्यात इथे एक गोष्ट घडली आणि ती ज्यांना कळेल अशी या गावातली माझी सारी माणसे केव्हाच पांगली आहेत. आपल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाने भालाफेक बंद केली.

केवळ भालाच नव्हे, तर गोळा, थाळी, हातोडा, लांब उडी, उंच उडी, बांबू उडी असे जे जे फेकण्याचे आणि उड्यांचे प्रकार होते ते सगळे गेले. कमी अंतराच्या आणि अडथळ्यांच्या शर्यती नावापुरत्या उरतील आणि यापुढचा संघ मुख्यतः लांब पल्ल्याच्या धावपटूंचा असेल. मूबेरी ट्रॅकच्या ज्या हिरवळीवर तू एप्रिलच्या थंडीत टेपचे टोक धरून उभा राहायचास, आणि शिवाजी विद्यापीठाकडून आपणही भाला फेकत होतो हे प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला ऐकवायचास (ते अंतर दरवर्षी दोन-तीन मीटरने वाढत असे, हे मी कोणाला सांगितलेले नाही), तिथे आता कोणी काही फेकणार नाही. लांब पल्ला तरी राखला म्हणून हेन्री रोनोचे नाव घेऊन समाधान मानणारेही इथे आहेत. १९७८ साली या गावात शिकणाऱ्या त्या केनियन मुलाने ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले, ही कथा मी तुझ्याकडून इतक्यांदा ऐकली आहे की मला ती पाठ आहे. परंतु रोनोच्या पुण्याईवर भालाफेक करणाऱ्यांना निरोप द्यावा, हे तुलाही पटणार नाही असे वाटते.

हे सगळे अमेरिकन फुटबॉलच्या पैशामुळे झाले हे तू ओळखलेच असशील. ‘मी तेव्हाच म्हणत होतो’ हे तुझे वाक्य कृपा करून गिळून टाक, कारण तू म्हणत होतास ते वेगळेच होते. फुटबॉल हा विद्यापीठाच्या ताटातला सर्वांत मोठा घास खाणारा जावई आहे, असे तुझे म्हणणे होते, आणि तो कमावता मुलगा आहे, असे माझे. माझे मत आजही तेच आहे. टेनिस, पोहणे, नौकानयन, भाला यांपैकी एकाही खेळाचे तिकिटांवर पोट भरत नव्हते. आपापसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, म्हणजे कॉन्फरन्सच्या, प्रक्षेपण हक्कांतून दरवर्षी जे तीनेक कोटी डॉलर येत, त्यांतून या सगळ्यांची चूल पेटत होती. कमावत्या मुलाची नोकरी गेली की आधी कोणाचे दूध बंद होते, ते आपल्याला घरच्या अनुभवाने ठाऊक आहे.

ती नोकरी कशी गेली ते तू तिकडे बातम्यांत तुटक वाचले असशील. १९१५ पासून या ना त्या रूपात चालत आलेली आपली पॅसिफिक किनाऱ्यावरची कॉन्फरन्स सव्वा वर्षात रिकामी झाली. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या दोघांनी, म्हणजे यूएससी आणि यूसीएलए यांनी, बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जाण्याचे जाहीर केले, कारण त्या कॉन्फरन्सचा फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरांहून मोठा करार होत होता. पुढच्या जुलैत कोलोरॅडो गेले. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ओरेगन आणि सिॲटलचे वॉशिंग्टन विद्यापीठ बिग टेनमध्ये गेले, तर ॲरिझोनाचे दोघे आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये गेले. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कली यांनी ॲटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे दार ठोठावले आणि इतरांच्या ३० टक्के वाट्यावर अनेक वर्षे राहायचे कबूल करून आत शिरले. पॅसिफिकच्या काठी बसून ॲटलांटिकचे नाव लावण्याची कल्पना आपल्या वेळच्या पार्टीत कोणी सांगितली असती, तर त्याच्या पुढ्यातला ग्लास आपण काढून घेतला असता.

बारांपैकी उरलो आम्ही दोघे, ओरेगन स्टेट आणि आम्ही. आमचे खेळणे वाईट होते असे कोणी म्हणत नव्हते. त्याच सप्टेंबरात ओरेगन स्टेट इथे आले तेव्हा दोन्ही संघ देशातल्या पहिल्या पंचविसांत होते आणि आम्ही ३८-३५ असे जिंकलो. दोष इतकाच की पुलमनमध्ये जेमतेम तेहेतीस हजार माणसे राहतात आणि टीव्हीवाल्यांना मैदान किती भरते यापेक्षा आसपास घरे किती आहेत हे मोजायचे असते. कोल्हापूरच्या पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाने उद्या शाहू स्टेडियम आणि शिवाजी पेठेशी असलेले हाडवैर सोडून, प्रक्षेपणाचे पैसे बरे मिळतात म्हणून गुवाहाटीच्या लीगमध्ये नाव घालावे, आणि गावात कोणालाही त्यात वावगे वाटू नये, असे काहीसे ते होते.

त्यानंतर काही दिवस मी फार उत्साहात होतो, हे तुला कळले पाहिजे. जाणाऱ्या दहांनी कॉन्फरन्सच्या तिजोरीवरचा हक्क सोडला नव्हता, म्हणून आम्ही दोघांनी दावा लावला, आणि तो लागला कुठे, तर कोलफॅक्सला! आपण वाहन परवान्यासाठी ज्या गावी जायचो, तिथल्या काउंटीच्या न्यायालयात, न्यायाधीश गॅरी लिबी यांच्यापुढे, देशातल्या बड्या विद्यापीठांचे वकील हात बांधून उभे राहिले. नोव्हेंबरमध्ये निकाल आमच्या बाजूने लागला, डिसेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचे नाकारले आणि कारभार आम्हा दोघांच्या हाती आला. सगळ्या गावाने पेढे वाटावेत असा तो दिवस होता.

पुढे जे झाले ते मात्र मला अजून नीट पचलेले नाही. दोन संघांना हंगाम खेळता येत नाही, म्हणून माउंटन वेस्ट या शेजारच्या कॉन्फरन्सने २०२४ साठी पैसे घेऊन आम्हाला सहा-सहा सामने दिले. त्यांच्याच अंगणात खेळत असताना, १२ सप्टेंबर २०२४ रोजी आम्ही त्यांचे बॉइझी स्टेट, फ्रेझ्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि कोलोरॅडो स्टेट उचलले. मग युटा स्टेटही घेतले. सामन्यांच्या करारातच, आमचे सभासद पळवलेत तर दंड भराल, असे कलम होते आणि त्याखाली साडेपाच कोटी डॉलरांची मागणी आली, तेव्हा हे कलमच बेकायदा आहे म्हणून आम्ही पुन्हा न्यायालयात गेलो. सुनेची सासू व्हायला आपल्याकडे निदान वीस वर्षे लागतात. तिकडे रिकाम्या जागा भरण्यासाठी माउंटन वेस्टने टेक्सासमधल्या एल पासोचा संघ दुसऱ्या कॉन्फरन्समधून ओढला आणि फुटबॉलपुरते नॉर्दर्न इलिनॉयला घेतले. इलिनॉयमध्ये पर्वत कुठे आहे हे तुझ्या भूगोलाच्या बाईंना विचारून कळव. प्रत्येकाने आपल्यापेक्षा खालच्याचे घर फोडले, आणि सर्वांत खालच्याची बातमी कोणी छापत नाही.

गेल्या सोमवारी टेक्सास स्टेट आमच्यात येत असल्याचे जाहीर झाले. कॉन्फरन्स म्हणून मान्यता राखायला फुटबॉल खेळणारे आठ सभासद लागतात आणि ते आता पुढच्या वर्षापासून पुरे होतील, म्हणून इथे पुन्हा आनंद झाला. मी तो आनंद करायला बसलो आणि मला तो करता येईना. टेक्सास स्टेटच्या सॅन मार्कोस नावाच्या त्या गावाशी आमचे ना भांडण आहे ना ओळख.

आता माझी खरी काळजी सांगतो, जी मी इथे उघडपणे बोलू शकत नाही. शेजारच्या आयडाहो राज्यातल्या मॉस्कोचे काका अजून तसेच आहेत आणि दर भेटीत मला म्हणतात, “या, आता तुम्हीही खाली या, इथे हवा चांगली आहे.” आपण त्यांची किती चेष्टा करायचो ते आठव. आठ मैलांवरचे आयडाहो विद्यापीठ आमच्याच कॉन्फरन्समध्ये होते. १९५९ साली खेळाडूंना चोरून पैसे देण्याच्या भानगडींनंतर ती मोडली तेव्हा कॅलिफोर्नियावाल्यांनी आणि सिॲटलने नवे घर बांधले. आम्हाला १९६२ मध्ये आत घेतले, ओरेगनच्या दोघांना १९६४ मध्ये घेतले आणि आयडाहोला कधीच विचारले नाही. पुढे ते वरच्या पातळीवर टिकण्यासाठी या कॉन्फरन्समधून त्या कॉन्फरन्समध्ये हिंडले, मध्ये एक वर्ष कुठलेच घर नसताना खेळले, आणि शेवटी सन बेल्ट कॉन्फरन्सने काढल्यावर २०१८ मध्ये स्वतःहून एक पायरी उतरून बिग स्काय कॉन्फरन्समध्ये परत गेले. पायऱ्या ठरल्यापासून असे कोणी केले नव्हते. लोकांनी छी-थू केली. आज तिथे मोंटाना, मोंटाना स्टेट, ईस्टर्न वॉशिंग्टन असे बसने जाता येण्याजोगे शेजारी खेळायला येतात, त्यांचे किबी डोम मैदान भरते आणि २०२२ पासून सलग तीन हंगाम ते बाद फेरीत पोहोचले. काका सुखी दिसतात, आणि मला त्यांचा हेवा वाटतो, हे इथल्या कोणाला सांगितले तर आमच्या संघाचा माझा लाल झेंडा काढून घेतील.

परंतु काकांचे सुखही पूर्ण नाही. ज्यांनी हे दिवस दाखवले ते प्रशिक्षक जेसन एक डिसेंबरमध्ये न्यू मेक्सिकोने नेले. त्याच डिसेंबरमध्ये आमचे प्रशिक्षक डिकर्ट वेक फॉरेस्टला गेले, मटीर नावाचा आमचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ओक्लाहोमाला गेला, आणि आम्ही साउथ डकोटा स्टेटचे प्रशिक्षक रॉजर्स त्यांच्या बऱ्याच खेळाडूंसकट आणले. आधीचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड मायामीला गेला आणि यंदाच्या एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या, निवडीत पहिला आला. आमचे क्रीडा संचालक तर गेल्या वर्षी थेट सिॲटलच्या वॉशिंग्टनमध्ये जाऊन बसले! आता १ जुलैपासून विद्यापीठांना खेळाडूंना वर्षाला दोन कोटी पाच लाख डॉलरांपर्यंत थेट देता येतात. खेळाडूंना पैसे मिळू नयेत असे मी म्हणत नाही, आणि तूही म्हणणार नाहीस, कारण डोके फुटते ते त्यांचे. पण हा आकडा ज्यांच्या घरी टीव्हीचा नळ चालू आहे त्यांना परवडेल, आणि आमच्यासारख्यांना तो गाठायचा तर अजून भाले विकावे लागतील. खाली उतरलो तर ती धाव संपेल का, की फक्त आमचे उरलेसुरले उचलणारे वाढतील, हे मला ठरवता येत नाही आणि म्हणून झोप लागत नाही.

ॲपल कपचे, म्हणजे सिॲटलच्या वॉशिंग्टनशी होणाऱ्या आमच्या सामन्याचे, सांगायचे राहिले. आता तो नोव्हेंबरच्या अखेरीस होत नाही, सप्टेंबरमध्ये उरकतात. गेल्या वर्षी सिॲटलला आम्ही २४-१९ असे जिंकलो. शेवटी गोल रेषेवर एका यार्डासाठी त्यांना अडवले तेव्हा मी इतका ओरडलो की चिमीने फोनवरच मला दम दिला. ती तिथेच शिकते, जांभळा सदरा घालून घरी येते आणि मी काही बोलत नाही. यंदा २० सप्टेंबरला ते इथे येतील, ३० ऑगस्टला काकांचे आयडाहो येईल, आणि ओरेगन स्टेटशी तर कॉन्फरन्समध्ये दोघेच असल्यामुळे एकाच नोव्हेंबरात दोनदा खेळणार आहोत. १९९८ च्या रोझ बोल सामन्यात शेवटी घड्याळात दोन सेकंद शिल्लक होते हे मात्र तू आता तरी मान्य कर. आमच्या क्वार्टरबॅक लीफने चेंडू जमिनीवर आपटला तेव्हा ते होते, मी पाहिले आहेत.

तुझी बढती झाल्याचे विन्याकडून कळले, अभिनंदन. वहिनींच्या शाळेचे काय झाले, आईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले का, आणि ओंकारने अखेर कुठे प्रवेश घेतला, ते सविस्तर लिही. इथल्या मसुराची पिशवी चिमीच्या मैत्रिणीबरोबर पाठवली आहे, ती पुण्याहून घ्यावी लागेल.

ओंकार इकडे यायचे म्हणत असेल तर माझ्यासाठी म्हणून पुलमनचे नाव घेऊ नकोस, पण प्रयोगशाळा अजून उत्तम आहेत. आणि काका म्हणतात तसे खाली उतरावे का, याचे उत्तर मला गणपतीच्या आत पत्राने हवे आहे. फोन करू नकोस, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझा,
अविनाश