'द मोअर, द मेरियर'मधला 'द' सोडवून देणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

निवृत्तीनंतरही तुम्ही माझ्या शंकांना वेळ देता, त्याबद्दल हे जाहीर आभार. आठवीला इंग्रजी शिकवताना व्याकरण जमतं, पण व्याकरणात न बसणाऱ्या वाक्यांपाशी गाडी अडते. "तसं म्हणतात, पाठ करा" असं मुलांना सांगणं माझ्या जिवावर येतं. तुम्ही तर ते कधीच सांगितलं नाहीत.

'द मोअर, द मेरियर' हेच घ्या. उपपद नामाआधी येतं, असं आम्ही शिकवतो. मग इथे 'द'च्या पुढे नाम कुठे आहे? तुम्ही वहीत दोन रकाने आखलेत. एकात आजचा 'द', दुसऱ्यात जुन्या इंग्रजीतल्या दर्शक सर्वनामाचं करणवाचक रूप, म्हणजे साधारण आपली तृतीया: 'त्याने', 'तेवढ्याने'. इंग्रजीच्या बहुतेक विभक्ती झिजून गेल्या, हे रूप मात्र 'द'च्या वेषात तगून राहिलं. विभक्ती म्हटल्यावर मुलांचे डोळे चमकले. 'जितके जास्त, तितकी मजा' ही जोडी त्यांनी आपणहून लावली.

'मीथिंक्स'वर तर वर्गात गलका झाला. कर्ता 'आय' का नाही, आणि 'थिंक'ला 'स' कशाला? तुम्ही सांगितलंत की हे क्रियापद 'विचार करणे' नव्हेच. 'वाटणे' या अर्थाचं ते वेगळं, जुनं क्रियापद. त्यातला इंग्रजी 'मी' (me) म्हणजे 'मला'. मला वाटतं! मराठी माध्यमाच्या मुलांना याहून जवळचं काय असणार? त्या दिवशी मागच्या बाकावरची पोरंही बोलत होती.

'आय ॲम', मग 'आरन्ट आय' कसं, हेही तुम्हीच उलगडलंत. स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये अजून 'ॲमन्ट आय' ऐकू येतं. दक्षिण इंग्लंडमध्ये त्यातला 'म' गळाला, 'आन्ट' उरलं. तिथे 'आरन्ट'मधला 'र' उच्चारत नाहीत, त्यामुळे दोन्ही सारखीच ऐकू आली आणि लिहिताना 'र' घुसला. 'बाय अँड लार्ज' (एकंदरीत) शिडाच्या जहाजांवरून आलं, शक्य तितकं वाऱ्याकडे तोंड करून आणि वारा पाठीशी घेऊन चालण्यावरून, हे ऐकल्यावर मुलांनी वहीभर जहाजं काढली.

बाई, भाषेत विनाकारण काही नसतं हा विश्वास तुम्ही माझ्या वर्गाला दिलात. त्याचं मोल मला फार आहे.

रविवारी येऊ का? 'गॉड सेव्ह द किंग'मध्ये 'सेव्ह्ज' का नाही, असं एका मुलीने विचारलंय.

आपली नम्र,
एक इंग्रजीची शिक्षिका