ओढ्याकाठच्या कामगारांचे आभार

आमच्या गल्लीतली जुनी मलवाहिनी बदलून झाली, ओढ्याचा खचलेला काठही बांधून झाला. ज्यांनी हे केलं त्यांची नावं विचारायची राहूनच गेली, म्हणून हे जाहीर आभार.

चरात उतरण्याआधी दोन्ही बाजूंना आधाराच्या फळ्या लावणाऱ्यांचे आभार. मॅनहोलचं झाकण उघडून आधी वायू तपासणाऱ्या ताईंचे तर खास. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला वासच कळेनासा होतो, हे त्यांच्याकडूनच कळलं. मी मात्र तोवर ‘वास नाही म्हणजे धोका नाही’ असं ऐटीत सांगत होतो!

पाइपचा उतार मनासारखा येईना म्हणून बसवलेले तुकडे पुन्हा काढणारे मिस्त्री, तेव्हा मी तुमच्यावर चिडलो होतो. माफ करा. रोज संध्याकाळी आमच्या दारापुढच्या चरावर फळी टाकून, ती हलत नाही ना हे स्वतः चालून बघणारा पोरगा कोण होता?

ओढ्याकाठी जाळीत दगड हातानं रचणारे, वर काथ्याची जाळी अंथरून गवत लावणारे, तुमचं गवत रुजलंय. परवाच्या पावसात काठ हलला नाही.